जोसेफिन फॉल्सला जाताना डोंगरावरचं आभाळ बघा

ताई, डिसेंबरच्या सुट्टीत लेकरांना घेऊन ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला चाललाय आणि तिथल्या जोसेफिन फॉल्स धबधब्याच्या दगडी घसरगुंडीवर उतरावं का, असं विचारलंत. जरूर जा, पण डिसेंबरात तिकडं पावसाळा लागलेला असतो.

क्वीन्सलंडमधला सर्वांत उंच डोंगर बार्टल फ्रिअर, त्याच्या पायथ्याशी वर्षावनात हा ओढा आहे. खालच्या डोहाशी ग्रॅनाइटचा रुंद, गुळगुळीत उतार. त्यावरून पाण्याचा पातळ पदर सरकत असतो आणि पोरं बसल्या बसल्या थेट डोहात! फार देखणी जागा. पण पाणी येतं वरून. खाली लख्ख ऊन असतानाही शिखरावर सर कोसळली की बघता बघता लोंढा उतरतो. तिथं माणसं दगावलीत. वरच्या डोहात उतरायला बंदीच आहे, ती पाळाच. पाणी चढायला लागलं, गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की लेकरांना आधी बाहेर काढा.

तुमच्या प्रश्नावर एका दादांनी लिहिलंय, 'सहस्रकुंड बघितलेल्या नांदेडकराला त्यात काय नवल?' मला नाही पटलं. पैनगंगेवरचा तो धबधबा काठावरून बघायचा, अंगावर घ्यायचा नाही. आणि मराठवाड्यातल्या बेताच्या पावसाची सवय असलेल्या आपल्याला वर्षावनातल्या ओढ्याचा अंदाज येत नाही, धोका तिथंच आहे.

ओल्या खडकावर उभं राहून चालू नका, बसून सरका. लहानग्याला मांडीवर घेऊन घसरू नका, पाय अडकतो. निघायच्या दिवशी सकाळी क्वीन्सलंडच्या राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावर जागा उघडी आहे का ते बघा.