लेबल १००% कॉटनचं आणि ग्राउंडमध्ये पॉलिएस्टर मिक्स, ऑर्डर घ्यावी का? (सोलापूर, टॉवेल)

टेरी_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, पप्पांनी उभा केलेला, आता हिशोब आणि ऑर्डरी मी बघते. बाहेरगावच्या एका पार्टीची वर्षभर चालेल अशी ऑर्डर येऊ घातलीय, हॉटेलांना माल पुरवतात ते लोक. रेट त्यांनी इतका पाडून मागितलाय की चांगल्या कॉटन सुतात बसतच नाही. तसं सांगितलं तर त्यांचा परचेसवाला फोनवर म्हणाला, वरचा पाइल (टॉवेलचे वरचे लूप) कॉटनचाच ठेवा, ग्राउंडच्या (खालच्या मूळ विणीच्या) बीमला, म्हणजे ताण्याच्या रुळाला, पॉलिएस्टर मिक्स सूत लावा, हाताला कोण बघायला येतंय, लेबल आम्ही पाठवतो तेवढं शिवून द्या. लेबलवर छापलंय १००% कॉटन.

पप्पांचं म्हणणं लेबल त्यांचं तर जबाबदारी त्यांची, आणि बाजारात हे चालतंच. त्यांचं पण मी समजू शकते कारण बरेच लूम बंद आहेत, रोज सकाळी कामगार येऊन विचारतात आज काम आहे का म्हणून, आणि नाही म्हणायला पप्पांनाच उभं राहावं लागतं. मला हे बरोबर वाटत नाहीये पण नुसतं बरोबर वाटत नाही म्हणून घरात कोण ऐकणार. उद्या पकडलं गेलं तर पैशाच्या भाषेत कोणाचं काय जातं, हे कुणी नीट सांगेल का?

एक्स्पोर्ट_मर्चंडायझर

ताई, तुमच्याच धंद्यातलं उदाहरण आहे, पप्पांना वाचून दाखवा. वेलस्पन इंडिया (आता नाव वेलस्पन लिव्हिंग), आपल्या देशातली टॉवेल-बेडशीटमधली सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक, गुजरातेत अंजार आणि वापीला प्लांट. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीने जाहीर केलं की इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या बेडशीट आणि उशांच्या अभ्र्यांमध्ये दुसरंच कॉटन वापरलेलं निघालं, साधारण साडेसात लाख नग, ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१६ या काळातले. टार्गेटने त्याच दिवशी संबंध तोडले. गिऱ्हाइकांना पैसे परत द्यायची पाळी आली, वॉलमार्टनेही त्या चादरी शेल्फवरून काढल्या. इकडे शेअरला लागोपाठ लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागलं, थोड्याच दिवसांत चाळीस टक्क्यांहून जास्त किंमत गेली. पुढच्या तिमाहीत कंपनीला या एका प्रकरणापोटी सुमारे ५०० कोटींची तरतूद करावी लागली, आणि अमेरिकेतल्या ग्राहकांचे दावे त्यानंतरही चालू होते.

आता बघा, तिथे कापडही कॉटनच होतं, म्हणजे चादर फाटली नाही, कुणाला पुरळ आलं नाही, फक्त लेबलवर लिहिलेलं कॉटन ते नव्हतं, आणि तेवढ्यावर हे सगळं झालं. तुमच्या केसमध्ये तर पॉलिएस्टर आहे.

टार्गेट हा त्यांच्या एकूण विक्रीचा साधारण दहावा हिस्सा होता. खरा धक्का उरलेल्या नव्वद टक्क्यांत बसला, कारण बाकीचे बायर पण विचारायला लागले की आमच्या मालात काय आहे. मग त्यांनी बाहेरच्या ऑडिट फर्मकडून सगळी सप्लाय चेन तपासून घेतली, आणि कापसापासून तयार मालापर्यंत माग काढता येईल अशी सिस्टीम बसवली.

लूमवाला_अण्णा

मर्चंडायझर साहेब, गोष्ट खरी आहे पण वेलस्पन आजही उभी आहे ना. त्यांच्याकडे ५०० कोटी भरायला होते. आमच्यासारखा चार-आठ लूमवाला ऑर्डर सोडतो तेव्हा पुढच्या महिन्याचं लाइट बिल कोण भरणार, सूतवाला उधारीला थांबणार आहे का? इथं नैतिकता सांगणाऱ्यांनी एकदा शनिवारी पगार वाटून बघावा.

आणि एक सांगतो, हॉटेलवाल्याला ग्राउंडमध्ये थोडं पॉलिएस्टर असलेलं उलट आवडतं. रोज गरम पाण्यात, केमिकलमध्ये धुतात, कॉटनचं ग्राउंड लवकर विरतं, पॉलीचं टिकतं, वाळतं पण लवकर. म्हणजे माल वाईट आहे असं नाही.

एक्स्पोर्ट_मर्चंडायझर

अण्णा, मग तुम्हीच उत्तर दिलंत की. माल चांगला असेल तर लेबलवर खरं लिहून विकावा, ब्लेंडचे टॉवेल जगभर विकले जातात. आणि वेलस्पन तगली ती मोठी होती म्हणून, हे तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, पण मग ज्याच्याकडे ५०० कोटी सोडा पाच लाख पण बाजूला पडलेले नाहीत त्याने तर हा धोका अजिबात घेऊ नये, असा त्याचा अर्थ होतो.

सीए_सातरस्ता

आकडे मांडतो, तुमचे खरे आकडे घालून बघा. समजा २ टनांचा लॉट, माल किलोला ४०० रुपये म्हणजे ८ लाखांचा. मिक्स सुताने किलोमागे २० रुपये वाचले तर एका लॉटला ४० हजार. आठ लाखांचा एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला तर वीस लॉटची बचत गेली, आणि परत आलेला माल दुसऱ्याच्या नावाचं लेबल लावलेला, तो तुम्ही विकणार कुठे. वर भाडं आणि लेबल काढायची मजुरी.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ते ४० हजार तुमच्या खिशात येतच नाहीयेत! रेट आधीच त्यांनी पाडलाय, म्हणजे बचत त्यांची आणि जोखीम तुमची. फोनवर सांगितलं याचा पण अर्थ समजून घ्या. उद्या हॉटेलने तक्रार केली की ते तुमच्या नावाने डेबिट नोट काढणार, म्हणजे बिलातून पैसे कापणार, आणि म्हणणार आम्ही तर पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) १००% कॉटनच लिहिलं होतं. कागदावर फसवणारे तुम्ही एकटेच दिसाल.

दुसरा मुद्दा पेमेंटचा, हा कुणी लक्षात घेत नाही. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याने तुमचं पेमेंट करारात लिहिलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला पाहिजे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आता तर आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर बायरला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, म्हणून मोठ्या पार्ट्या पण मार्चच्या आधी धावपळ करतात. पण माल पोचल्यापासून १५ दिवसांत बायरने लेखी हरकत घेतली तर दिवस मोजायला सुरुवात होते ती हरकत दूर झाल्यावर. तुमच्या मालात खरोखरच खोट असेल तर त्याला हरकत घ्यायचं कारण तुम्ही स्वतः शिवून पाठवलंत. त्याच्याकडे पैसे नसतील त्या महिन्यात तो ते कारण काढणार, मी अशा फायली बघितल्यात. प्रामाणिक मालवाल्याकडे निदान भांडायला कायदा तरी आहे.

चादर_गल्ली

पकडलं जाणार नाही म्हणणाऱ्यांसाठी. टॉवेल उसवून ग्राउंडचा धागा काढा आणि काडी लावा. कॉटन कागदासारखं जळतं, राख चिमटीत भुगा होते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी बनतो, मिक्समध्ये पण तो खडा हाताला लागतो. लॅबमध्ये गंधकाम्लात कॉटन विरघळवून उरलेल्याचं वजन करतात की टक्केवारी हातात. हे काय लपून राहणारं नाही.

आणि मला मनापासून राग येतो तो याचा की आपणच ओरडतो पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून विकतात म्हणून. चादरीला आणि टेरी टॉवेलला दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, खोटं जीआय लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे कायद्यात. आपल्या नावाचं खोटं लेबल दुसऱ्याने लावलं तर आपल्याला कायदा हवा, आणि कॉटनचं खोटं लेबल आपण लावायचं? गड्ड्याच्या यात्रेला बाहेरची माणसं येतात ती सोलापुरी माल विश्वासाने मागतात, हात लावून सुद्धा बघत नाहीत. तो विश्वास आपल्या आजोबा-पणजोबांनी मागावर बसून कमावलाय, तो एका परचेसवाल्याच्या फोनवर द्यायचा नाही.

लूमवाला_अण्णा

चादर गल्ली, तुमचं पटलं. सीए साहेबांचं वीस लॉटचं गणित तर मला पण नवीन आहे. तरी ताईंना रिकाम्या हाताने पाठवू नका, ऑर्डर हातची जाऊ नये असा काहीतरी रस्ता सांगा.

सीए_सातरस्ता

रस्ता आहे. दोन कोटेशन द्या, मेलवर. एक पूर्ण कॉटनचं, जो रेट बसतो तो. दुसरं ब्लेंडचं, त्यांना हवा असलेला रेट, लेबलवर जे आहे तेच. अण्णा म्हणाले तसं ब्लेंड धुण्यात टिकतं हे पण लिहा, हॉटेलसाठी तो खरोखर विकायचा मुद्दा आहे. आणि सुताची बिलं लॉटनंबर टाकून जपून ठेवा.

टेरी_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. काल रात्री पप्पांसोबत बसून सीए साहेबांचा हिशोब आमच्या आकड्यांत घातला. जोखीम आपली आणि बचत त्यांची, या वाक्यावर पप्पा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले दोन्ही रेट पाठव. आज पाठवले. परचेसवाला फोन करायलाय, मी मेलवर उत्तर द्या म्हणून सांगितलं. ऑर्डर आली तर ब्लेंडचीच येईल असं वाटतंय. एक शंका, टक्केवारी फक्त ग्राउंडच्या सुताची लिहायची का?

एक्स्पोर्ट_मर्चंडायझर

नाही, पूर्ण टॉवेलच्या वजनावर. पाइल, ग्राउंड आणि बाणा (आडवा धागा) तिन्ही धरून. पाइल १००% कॉटन आणि ग्राउंड अमुक टक्के असं वेगवेगळं पण लिहितात, ते बायरला विचारून ठरवा आणि लेबलचा नमुना मेलवर मंजूर करून घेतल्याशिवाय बीम चढवू नका.