दोन हजारांची वाढ परवडत नाही, मग ऑपरेटर सोडून गेलेला परवडतो का?

कुपवाड_शॉप:
आमच्या एमआयडीसीत वाक्य ठरलेलं: "जातोय तर जाऊ दे, दुसरा मिळंल." मिळतो हो. पण व्हीएमसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवरचा, महिना १८ हजारांचा हात गेला की पुढं काय होतं ते कुणी मांडत नाही. मशीन एक शिफ्ट बंद, बँकेचा हप्ता चालू. नवा पोरगा ऑफसेट (मशीनला द्यायचं टूलचं माप) चुकवतो, टूल मोडतो, कास्टिंग रिजेक्ट. सुपरवायझर आपलं काम टाकून त्याच्यामागं उभा. सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस या अमेरिकेतल्या अभ्यास संस्थेनं २०१२ साली तिकडचे अभ्यास एकत्र करून काढलं होतं, की साधारण पगाराचा माणूस बदलायला त्याच्या वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा जातो. १८ हजारांवर ते ४३,२०० झाले. त्यानं मागितले होते महिना दोन हजार, म्हणजे वर्षाला २४ हजार.

मिरज_फौंड्री:
अमेरिकेचं गणित इथं नको. आमच्याकडं चहाच्या गाड्यावर सांगितलं की संध्याकाळी चार पोरं गेटवर. आणि एकाला दिलं की वीस जण केबिनबाहेर. २४ हजार नाही, ४ लाख ८० हजार मांडा, तेही दरसाल. वर पाच वर्षं टिकला की ग्रॅच्युइटी.

हिशेबनीस:
ग्रॅच्युइटीचा बाऊ नको. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १२ हजार असेल तर १५ भागिले २६ नं, म्हणजे २६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचा पगार, एका वर्षाचे ६,९२३. शेवटच्या पगारावर निघते, म्हणून थोडी वाढेल, एवढंच. वीस जणांचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणून सरसकट वाढ देऊच नका. सेटिंग, म्हणजे कामाप्रमाणं मशीन लावणं, येणाऱ्याचा ग्रेड वेगळा करा. नुसतं लोडिंग (मशीनवर माल चढवणं) करणारा गेला तर आठवड्यात दुसरा तयार होतो.

रात्रपाळी:
मी सोडून गेलेल्यांपैकीच. चाकणला चार हजार जास्त मिळतात, ते खोली आणि मेसमध्येच जातात. तरी गेलो. पगार सातला ठरलेला, व्हायचा वीसला. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट, मिळायचा सिंगल. वाढ मी मागितलीच नव्हती.

मिरज_फौंड्री:
कायद्यात ४५ दिवस असून पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, आम्हाला ९० दिवसांनी पैसे देते. सातला कुठून आणू?

रात्रपाळी:
ते पार्टीशी भांडा की वो. आमचं भांडण तुमच्याशी.

कुपवाड_शॉप:
फौंड्रीवाले, गाड्यावरच्या त्या चार पोरांतली दिवाळीपर्यंत किती टिकली?

मिरज_फौंड्री:
एक. तो पण सुपरवायझरचा मेव्हणा.