पावस ते आंबोळगड: तीन दिवस, फक्त चालायला. काय बघावं, काय सोडावं?

पायवाट:
नमस्कार मंडळी. माघात पुण्याहून रत्नागिरीकडे यायचं ठरतंय. मी, सासूबाई, सासरे आणि आठवीतली लेक. नवऱ्याला रजा नाही, त्यामुळे गाडी मीच चालवणार. गणपतीपुळे, आरे-वारे वगैरे आधी झालंय. या वेळी पावसपासून खाली आंबोळगडपर्यंतचा पट्टा डोक्यात आहे. पॅरासेलिंग, बनाना राइड यातलं काही नको. सकाळ-संध्याकाळ मनसोक्त चालायचं आणि दुपारी जेवून आडवं व्हायचं, बस्स. सासरे चालायला एका पायावर तयार, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि लेकीचं "नुसतं चालायचं?" हे आत्तापासूनच सुरू झालंय. मुक्काम कुठे करावा? आणि काय सोडलं तर हळहळ वाटणार नाही?

कुळीथपिठी:
पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, आंबोळगड, यशवंतगड, जैतापूर, विजयदुर्ग. दोन दिवसांत आरामात होतं, आम्ही केलंय. तिसऱ्या दिवशी मालवण गाठा.

सड्यावरचा:
कुळीथपिठी, राग मानू नका, पण ही यादी गाडीतून खाली न उतरणाऱ्यांची झाली. पायवाटताईंना चालायचंय.

ताई, आमच्याकडची रचना आधी समजून घ्या. वर जांभ्या दगडाचं उघडं पठार, म्हणजे सडा, खाली समुद्र आणि मधल्या उतारावर आंबा-काजूच्या बागांतून विखुरलेल्या वाड्या. सागरी महामार्ग बराचसा सड्यावरून जातो, त्यामुळे गाडीतल्या माणसाला वाटतं की इथे उन्हाशिवाय काही नाही. गाव बघायचं तर पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेने उतरा. चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगड रचलेली कुंपणं, म्हणजे गडगे, वर आंब्याची सावली. मध्येच एखादा वहाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो आणि त्यावर दोन पावलांचा साकव, म्हणजे छोटा पूल असतो. कुठलीही पाखाडी शेवटी देवळाशी, विहिरीशी नाहीतर पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर निघते, त्यामुळे चुकायची भीती नाही. वाटेत कुणी भेटलं तर "खाली वाट जाते ना?" एवढं विचारा. वाट कळेलच, शिवाय तुम्ही कुणाकडे उतरलात हेही त्यांना कळेल. त्याशिवाय सोडत नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा. गडगा ओलांडून बागेत शिरू नका. माघात आंबा मोहरावर असतो आणि फवारण्या चालू असतात. राखणदार ओरडला तर चूक त्याची नसते.

मुक्काम पावसला नको. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे तिथे वर्दळ असते आणि चालायच्या जागा तिथून लांब पडतात. कशेळी-आडिवऱ्याच्या बाजूला घरगुती सोय बघा. जेवण किती जणांचं, ते आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर पोह्यांवर भागवावं लागेल.

खाडीपलीकडे:
सड्यावरचाशी सहमत. भर घालतो.

पूर्णगड वगळू नका. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या टेकाडावर हा लहानसा किल्ला आहे. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, वाट गावातूनच. आत फार काही उरलेलं नाही, पण तटावरून फेरी मारायला मजा येते. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला उघडा दर्या, आणि खाली मचव्यांच्या मधून वाट काढत येणारी होडी. गाडी खाली लावा, वर वळवायला जागा नाही.

पूल ओलांडला की गावखडी. सुरूचं बन आणि लांबलचक पुळण. सासूबाईंसाठी ही जागा नंबर एक, कारण ओल्या वाळूवर गुडघ्यांना त्रास होत नाही. गावखडीला आणि आडिवऱ्याजवळ वेत्येला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी संरक्षित कुंपणात हलवतात आणि साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. माघात काही घरट्यांची वेळ भरलेली असू शकते, पण खरा हंगाम फाल्गुन-चैत्राचा. लेकीला आधीच कबूल करून बसू नका. गावात चौकशी करा, त्या सकाळी पिल्लं निघाली असतील तर सोडताना लांबून बघू देतात. मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही, हे तिला बजावून ठेवा.

पायवाट:
गुडघ्यांचा प्रश्न सुटला, आभार. कशेळीबद्दल अजून सांगाल का? देऊळ बघून पुढे निघायचं, की तिथे चालायला काही आहे?

सड्यावरचा:
कशेळीला अख्खा दिवस द्या.

सकाळी कातळशिल्प. सड्यावर हत्तीची आकृती कोरलेली आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. शेजारी उभं राहिलं तर आधी नुसत्या रेघा दिसतात. काठाकाठाने फिरत गेलात की पाय, पोट, सोंड जुळत जातात. मग लक्षात येतं की हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत, मासेसुद्धा. लेकीला वही-पेन्सिल द्या आणि मोजायला सांगा, तासभर हलणार नाही. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीचंही नाव आहे. रेघांवर पाय देऊ नका. ठळक दिसावं म्हणून खडूने किंवा पाण्याने रंगवणारे महाभाग असतात, ते तर अजिबात नको.

सकाळी म्हणजे ऊन चढायच्या आत. दहानंतर जांभा तापतो, सड्यावर ना झाड ना पाणी.

नंतर कनकादित्य. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. मूर्ती गलबतातून आली, गलबत इथे अडलं आणि व्यापाऱ्याने ती किनाऱ्यावरच्या कड्यातल्या गुहेत ठेवली, अशी कथा. ती गुहा म्हणजे देवघळी, आणि संध्याकाळी चालायचं ते तिकडेच. सड्याच्या टोकाला कडा तुटतो आणि खालच्या घळीत लाट घुसते. आधी आवाज येतो, मग पाणी वर उडतं. सासऱ्यांना इथे हमखास आवडेल. कड्याच्या अगदी टोकाला मात्र कुणी जाऊ नये, तिथली माती भुसभुशीत आहे. सेल्फीवाल्यांना सांगून उपयोग नसतो, पण तुम्हाला सांगतो.

माघात येताच आहात तर रथसप्तमी धरून या. कनकादित्याचा उत्सव असतो, रात्री कीर्तन, आरत्या. राहायची सोय मात्र बरीच आधी करा.

कालवंवाली:
इथे मी वेगळं सांगेन. रथसप्तमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, ओहोटी नीट लागत नाही. आंबोळगडला कातळावरून चालायचं असेल तर पौर्णिमा धरून या.

आमच्याकडचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सप्तमीला सव्वापाच, पौर्णिमेला सव्वाअकरा. रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या थोडी आधीच होते, तेव्हा हा अंदाज समजा, नक्की वेळ तक्त्यात बघा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या आसपास पाणी पार मागे गेलेलं असतं, आणि उधाण असल्यामुळे एरवी पाण्याखाली असलेला कातळही उघडा पडतो.

आंबोळगडाचा किल्ला छोटा आहे, पडके तट, विहीर, वडाचं झाड, पंधरा मिनिटांत होतो. त्यासाठी एवढ्या लांब येऊ नका. बघायचं ते खालच्या कातळावर. खळग्यांत पाणी साचतं, त्यात खेकडे, समुद्रफुलं, शंखातले खेकडे. गावातल्या बायका टोपल्या घेऊन कालवं फोडायला बसलेल्या असतात. शिंपल्याच्या सांध्यावर लोखंडी टोकाचा एक नेमका घाव, की झाकण निघतं आणि करड्या रंगाचं कालव डब्यात. बघत बसा, पण फोटो विचारून काढा. पायात चप्पल नको, मागून बंद असलेले जुने बूट घाला. कालवाची धार ब्लेडसारखी असते, आणि पाय कापला की तीन दिवसांचं चालणं संपलं.

पाणी परत वळलं की लगेच मागे फिरा. "अजून पाच मिनिटं" करत बसू नका.

कुळीथपिठी:
माझ्या यादीचा फारच उद्धार झाला :) पण मुलीसाठी एक सुचवते. राजापूरच्या बाजूला देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर कातळशिल्प आहे, तिथे होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. साधं होकायंत्र घेऊन जा, मोबाइलचं नको. हे आम्हीसुद्धा गाडीतून उतरून बघितलं होतं.

पायवाट:
कुळीथपिठी, हे तिला वाचून दाखवलं आणि "नुसतं चालायचं?" बंद झालं. होकायंत्राची शोधाशोध सुरू आहे.

रथसप्तमी की पौर्णिमा, यावर घरात दोन तट पडलेत. सासूबाईंना कीर्तन हवंय, सासऱ्यांना कातळ. मधे आठवडा आहे, दोन्ही जमणार नाही. तूर्त सासूबाईंचं पारडं जड आहे, कारण फराळाचे डबे त्याच करणार. भांगाच्या दिवसांत आंबोळगडला गेलो तर अगदीच फुकट जाईल का?

कालवंवाली:
फुकट कशाला? पुळणीवर चालाल, वाटेत गोडवण्याची पुळण आहे, ती आमच्याकडची सगळ्यात देखणी. सप्तमीला ओहोटी सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास येईल, म्हणजे नाश्ता करून थेट आंबोळगडलाच या आणि कशेळीचा हत्ती दुसऱ्या सकाळी ठेवा. कातळ थोडाच उघडा पडेल, पण खेकडे तिथेही असतात. टोप्या विसरू नका.

सड्यावरचा:
आणि घाटातून अंधार पडायच्या आत खाली उतरा. पहिल्या दिवशी कुठेही चालायला जाऊ नका, जेवा आणि झोपा.