क्वार्टर्सच्या दुरुस्तीचा पैसा आधी कुठं घालायचा: छतावरच्या सोलरमध्ये की जिन्याखालच्या मोटरीत?

क्वार्टर नंबर १४
कोल्हापुरातल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या चार इमारती आहेत, प्रत्येकीत बारा बिऱ्हाडं. बांधकाम चाळीस वर्षांपूर्वीचं. यंदा दुरुस्तीला थोडा निधी येणार म्हणून परवा बैठक झाली. छतावर सोलर पॅनल बसवायचं ठरत आलंय. मी विरोध केला, पण पाच मिनिटांत विषय गुंडाळला. म्हणून इथं नीट मांडतो.

आमच्या बी इमारतीच्या जिन्याखाली ५ एचपीची मोटर आहे. उद्यमनगरातनं तीनदा वाइंडिंग करून आणलेली. फूटवॉल्व, म्हणजे मोटरीच्या पाइपातलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळतोय, त्यामुळं रोज पहाटे कुणीतरी तांब्यानं पाणी ओतून प्रायमिंग करतं, मग ती पाणी उचलते. वरची टाकी भरायला साडेचार तास लागतात. ताशी साडेचार युनिट धरली तर दिवसाला वीस युनिट नुसतं पाणी वर चढवायला जातात.

आणि चढवलेलं पाणी राहतं का? गेल्या रविवारी रात्री अकराला टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो, टाकीत काठी बुडवून खूण केली. पहाटे पाचला परत मोजलं. पाणी सात सेंटिमीटर उतरलेलं. टाकी तीन मीटर बाय अडीच मीटरची, म्हणजे सव्वापाचशे लिटर गेलं, तेही सगळे झोपेत असताना. दिवसाचा हिशेब एकवीसशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी १३५ लिटर धरतात. त्या मापानं पंधरा माणसांचं पाणी रोज गळून जातंय.

माझं म्हणणं असं की पहिला रुपया फूटवॉल्व, मोटर, पाइप आणि फ्लशच्या टाक्यांवर जावा. मग जिन्यातले दिवे, नळांना एरेटर, म्हणजे धार कमी करणाऱ्या जाळ्या. सोलर शेवटी.

रंकाळा काठ
दादा, आकडे बरोबर असतील, पण सोलरला शेवटी ढकलू नका. आमच्या सोसायटीनं पीएम सूर्यघर योजनेतनं सामायिक वापरासाठी पॅनल घातलेत. २०२४ मध्ये योजना आली तेव्हापासून संस्थांना किलोवॅटमागं १८ हजार अनुदान आहे. मोटर, जिन्यातले दिवे सगळं त्यावर चालतं. तुमचा फूटवॉल्व दोन वर्षांत परत गळणार. पॅनल वीस-पंचवीस वर्षं जागचं हलत नाही. निधी रोज येत नसतो, आलाय तर मोठं काम करून घ्यावं. पाइपचं काम वर्गणी काढूनही होतं.

क्वार्टर नंबर १४
@रंकाळा काठ, तुम्ही संस्था म्हणून अर्ज केलात. आमच्याकडं नोंदणीकृत संस्थाच नाही, घर खात्याचं. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. एक किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. आजच्या मोटरीसाठी पाच किलोवॅट घालावं लागेल. मोटर आणि गळती नीट केली तर तेच पाणी पावणेतीन तासांत चढेल, बारा युनिटांत. मग तीन किलोवॅट पुरतं. आधी सोलर घातलं तर गळतीसाठीही पॅनल विकत घेतल्यासारखं होतं. शिवाय आपल्याकडं जून ते सप्टेंबर ऊन किती दिसतं तुम्हाला ठाऊक आहे. गळती मात्र बाराही महिने चालू.

मिसळ आणि मोटर
सव्वापाचशे लिटर सगळी गळती कशावरून? अठ्ठेचाळीस-पन्नास माणसं राहतात, रात्री उठणारी म्हातारी माणसं असतात. एका रात्रीच्या मापावर निधी कुठं घालायचा ते ठरवू नये.

क्वार्टर नंबर १४
रास्त आहे. दहा जणांनी फ्लश ओढला, जुन्या टाकीचे दहा लिटर धरले, तर शंभर लिटर. बाकीचे चारशे कुठं गेले? तरी एका रात्रीवर मी थांबणार नाही, परत मोजणार आहे.

शिवाजी पेठ
भावा, काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली. किती वर्षं लढा दिला त्यासाठी कोल्हापूरनं. आता धरणाचं स्वच्छ पाणी येतंय तर लोकांना थेंब थेंब मोजायला लावू नका. हे मराठवाडा नव्हे. गळती काढा, त्याला ना नाही. पण माणसानं किती पाणी वापरायचं हे कुणी शिकवू नये.

बावडा लाइन
@शिवाजी पेठ, धरणातलं पाणी जॅकवेलच्या, म्हणजे उपसा विहिरीच्या, मोटरी उचलतात तेव्हा ते पाइपलाइनला लागतं. मग पुईखडीला शुद्ध होतं, मग आपल्या दारात. प्रत्येक टप्प्याला पैसा लागतो, धरणापाशी आणि पुईखडीला वीजही. आणि वापरलेलं पाणी कुठं जातं? कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, तरी जयंती नाल्यातनं काळं पाणी पंचगंगेत जाताना मी डोळ्यानं बघतो. खाली इचलकरंजी आहे. २०१२ मध्ये तिथं काविळीची साथ आली होती, माणसं गेली. फ्लशमधनं उगाच वाहणारं चांगलं पाणीही गटाराला मिळून तोच भार वाढवतं.

आणि २०१९ चा ऑगस्ट आठवा. चहूकडं पाणी, उपसा केंद्रं पुरात बुडाली, आणि आपण टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो. त्या आठवड्यात ज्यांच्या टाकीला गळती नव्हती त्यांना दोन दिवस जास्त मिळाले.

पहिला मजला, डावीकडचं घर
मी क्वार्टर्समध्येच राहते, दुसऱ्या वसाहतीत. मोटर आणि गळतीचं अगदी पटलं. एरेटरला माझा ठाम विरोध आहे, आणि हे बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन सगळ्या नळांना जाळ्या बसवून गेले. आम्ही बादलीनं अंघोळ करतो, शॉवरनं नाही. वीस लिटरची बादली भरायची ती भरायचीच, जाळी लावून ती अठरा लिटरची होत नाही. पूर्वी दोन मिनिटांत भरायची, आता पाच मिनिटं. पहाटे पाण्याच्या वेळेत पिण्याचं भरायचं, धुणं भिजवायचं, पोरांचे डबे, आणि त्यात मी नळापाशी उभी. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की जाळीत वाळू अडकते, मग धार करंगळीएवढी. महिन्याभरात निम्म्या घरांनी जाळ्या काढून खिडकीत ठेवल्या. माझी अजून तिथंच आहे. तो पैसा फ्लशवर घातला असता तर? जुनी टाकी दर वेळी दहा-बारा लिटर ओतते. दोन बटणांची ३ आणि ६ लिटरची. चार माणसांच्या घरात दिवसाला साठ-सत्तर लिटर वाचतील आणि कुणाचं काही अडणार नाही.

क्वार्टर नंबर १४
ताई, तुमचं बरोबर आहे. मी एरेटर सगळीकडं म्हणत होतो, ते मागं घेतो. बेसिनला लावू, कारण तिथं नळ सोडून हात धुतात. बादली भरायच्या आणि मोरीच्या नळाला नको. फ्लश एरेटरच्या आधी.

बदलीवाला
सगळे पाण्यावर बोलताय, विजेचं काय? साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा बीएलडीसी ३० वॅटचा. रोज बारा तास धरला तर एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात. पण घेणार कोण? घर खात्याचं, बिल माझं, आणि तीन वर्षांनी माझी बदली. खात्याला माझ्या बिलाशी देणंघेणं नाही. मला खात्याच्या भिंतीत पैसे घालायचे नाहीत. खरी अडचण ही आहे, आणि ती फूटवॉल्वनं सुटत नाही.

अमेरिकेत सार्वजनिक घरांसाठी एक पद्धत आहे. गृहनिर्माण प्राधिकरण कर्ज काढून दिवे, बॉयलर, नळ बदलतं, आणि बिलात जी बचत होते ती वीस वर्षांपर्यंत केंद्राकडं परत न जाता कर्ज फेडायला वापरू दिली जाते. तिथंही ते सोपं पडतं ते प्राधिकरण स्वतः बिल भरतं त्या इमारतीत. जिथं बिल भाडेकरू भरतो तिथं तीच ओढाताण. आपल्याकडं खात्यानं निदान सामायिक मीटरची बचत त्याच वसाहतीच्या दुरुस्तीला ठेवावी. नाहीतर वाचवायचं आम्ही आणि पैसा भलतीकडं.

वायरमन
पंखा तुमचा तुम्ही घ्या की, बदली झाली की काढून न्यायचा. पाइप नेता येत नाही. खात्याच्या पैशातनं जे नेता येत नाही तेच करावं. जिन्यात चोकच्या जुन्या ट्यूब असतील तर मात्र आजच काढा. सहा ट्यूब रात्रभर जळल्या की साडेतीन युनिट, एलईडी दीडच्या आत.

आधी ऑडिट
मी सगळ्यांच्याच विरोधात आहे. चाळीस वर्षांच्या इमारतीत नवी मोटर आणि नवे फ्लश कशाला? आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा पोळीच्या तव्यावर पडला. बाई दोन पावलं मागं होती म्हणून वाचली. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करा. इमारत पाडायची निघाली तर हा सगळा पैसा मातीत. वीज-पाणी नंतर बघू, माणूस जगला पाहिजे.

क्वार्टर नंबर १४
ऑडिट व्हावंच, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण गिलावा का पडतो? भिंतीत गाडलेला जुना लोखंडी पाइप पाझरतो, ओल सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. तुम्ही गळती आणि सुरक्षितता दोन वेगळी कामं समजताय. आमच्या इमारतीत ते एकच काम आहे. पाडायचं ठरलं तरी उद्या पाडत नाहीत. नवी इमारत उभी राहीपर्यंत कित्येक पावसाळे त्याच छताखाली काढायचे आहेत. म्हणून नवे पाइप भिंतीबाहेरनं घ्या. गळला तर दिसेल, आणि हातोडा न मारता बदलता येईल.

येत्या रविवारी रात्री परत मोजतोय. अकरा वाजता प्रत्येक घरानं फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करायचा, पहाटे पाचला उघडायचा. तरी टाकी उतरली तर गळती पाइपात, नाही उतरली तर फ्लशमध्ये. अकरा घरं तयार आहेत. बारावं दोन वर्षं बंद आहे, किल्ली पुण्याला. बाहेरच्या भिंतीवर शेवाळाचा हिरवा ओघळ आहे, तो त्याच घराच्या खिडकीखालून सुरू होतो.