अनुभव धागा: शाळा सुटल्यावर काय शिकलात, कसं शिकलात?

घर, शेती, नोकरी सांभाळून मोठेपणी काही नवीन शिकलात का? कशानं ते डोक्यात बसलं? 'मेहनत केली' एवढंच नको, नेमकं काय केलं ते सांगा.

वरुड तालुक्यातून
संत्र्याचे डोळे बांधणं, म्हणजे संत्र्याच्या झाडाचा डोळा (कोंब फुटणारी कळी) दुसऱ्या रोपावर बसवून कलम करणं, मी चाळिशीत शिकलो. मोबाइलवर व्हिडिओ भरपूर पाहिले होते, पण साल सुटते की नाही हे पाहून कळत नाही, चाकूच्या टोकाला कळतं. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेतले म्हातारे कारागीर म्हणाले, "निरा पाहून काय होते बाबू? हातात घे." जंबेरीच्या (रानलिंबाच्या) खुंटावर, म्हणजे ज्यावर कलम करायचं त्या रोपावर, वीतभर उंचीवर 'टी'सारखा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टी बांधायची. ते फार बोलत नसत. माझा अंगठा धरून किती दाबायचं ते दाखवत. वीतभर उंची कशाला, हे मात्र वाचून समजलं: डोळा मातीजवळ असला की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लवकर लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातून
मी चौथी शिकलेली. कपाशीच्या शेतीशाळेत ताई आधी झाडं पाहायला लावायच्या, मग गटानं कागदावर चित्र काढायचं: मधात झाड, एका बाजूला मावा, तुडतुडे अशा किडी, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे ढालकिडा, क्रायसोपा असे मित्रकीटक. ढालकिड्याची अळी मी आधी कीड समजून मारत होते. चित्र काढताना तिचे पाय, ठिपके नीट पाहिले, आता लांबूनच ओळखते. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 रात्री 8-8 पतंग आले की फवारणीचं ठरवायचं, हा हिशेब आता सासूबाईही सांगतात.

वर्ध्याहून, निवृत्त शिक्षक
'मी ऐकून शिकणारा, तो पाहून शिकणारा' असं आपण सहज म्हणतो. आवडनिवड असतेच. पण त्या प्रकारानुसार शिकवलं तर जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पाश्लर व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं. वर सांगितलेले संत्र्याचे डोळे बांधायला हातच लागतो, मग शिकणारा कोणीही असो. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. सूत मोजताना गणित आपसूक येतं.

अकोल्याजवळून
दहावीनंतर लग्न झालं. मुलं मार्गी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि भाकरी थापता थापता नातीला तो सांगायचा. जिथं अडले तेवढंच पुन्हा वाचायचं. चार दिवसांनी परत तेच. नुसत्या वाचनापेक्षा यानं फार टिकलं.

गडचिरोलीतून
आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचे अभ्यासगट पाहून आम्हीही वनहक्क कायदा एकत्र वाचतो. एक जण मराठीत वाचतो, दुसरा गोंडीत सांगतो, म्हातारी माणसं मधेच थांबवून विचारतात. त्यांच्या प्रश्नांमुळे वेळ लागतो, पण खरा अभ्यास तिथंच होतो. सध्या कलम 5 चाललंय, ग्रामसभेनं जंगल राखण्याचं.