मुलांना खर्ऱ्यापासून दूर ठेवण्यासाठी वस्तीने काय करावे? (नागपूर) – मदत हवी आहे

नमस्कार.

पूर्व नागपुरातील आमच्या लेआउटमध्ये काही पालक, एक निवृत्त शिक्षिका आणि गणेश मंडळाचे कार्यकर्ते मिळून सातवी ते नववीच्या मुलांसाठी काही करू पाहत आहोत. ज्यांनी आपल्या वस्तीत असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्याकडे व्यसनाची सुरुवात बहुधा खर्ऱ्यापासून होते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा. आमच्या पाहण्यात मुलाच्या हाती तो पहिल्यांदा येतो तो वाईट संगतीमुळे नव्हे, तर घरातल्याच कोणी "जा, ठेल्यावरून एक खर्रा घेऊन ये" म्हणून पैसे दिल्यामुळे. येता येता पन्नीची गाठ सुटते आणि चिमूटभर तोंडात जातो. पालकांशी बोलावे तर "खर्राच आहे, दारू थोडीच पितो" हे उत्तर ठरलेले.

कायदा कडक आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करता येत नाही, म्हणजे काकांसाठी आणायला आलेल्या मुलाला खर्रा देणे हाही गुन्हाच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. परंतु ठेलेवाला आमच्याच लेआउटमधला, त्याची मुले आमच्या मुलांबरोबर खेळणारी. थेट तक्रार केली तर अर्धी वस्ती आमच्या विरोधात जाईल, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. ओळखीच्या दंतवैद्यांनी मुलांना आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, ते पाहायला सांगितले आणि सुपारीने तोंड उघडणे कसे कमी होत जाते, ते समजावले. भाषणाच्या वेळी जांभया देणारी मुले लगेच एकमेकांना तपासू लागली. (दोन वडीलमंडळींनी हळूच आपलीही बोटे घालून पाहिली, हे विशेष.)

आता अडचण अशी की, संध्याकाळी मैदानावर कबड्डी सुरू करायची आहे. त्यात आधीच खर्रा खाणाऱ्या मुलांनाही घ्यावे असे माझे मत आहे, पण इतर पालक आपली मुले काढून घेण्याची भाषा करतात. अशा वेळी कोणाचेही नाव चर्चेत न आणता पालकांना कसे राजी करावे? मुलांना ठेल्यावर न पाठवण्याचे मोठ्यांनी मान्य करावे, यासाठी कोणी काय केले आहे? तसेच एक-दोन मुले पंक्चरचे सोल्युशन हुंगतात असे कानावर आले आहे; त्यांच्या घरच्यांना १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन सांगणार आहोत, पण तो विषय त्यांच्या दारात जाऊन कोणी आणि कसा काढावा?

नागपुरातील कोणी असे काम करत असल्यास रविवारी सकाळी आम्ही दोघे-तिघे भेटायला येऊ शकतो. कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा.