मदत हवी आहे: सुपरकंडक्टिंग नॅनोवायरमधला रेझिस्टन्स क्वांटम फेज स्लिपचाच, हे ठरवायचं कसं?

ऋतुजा
नमस्कार. मी नागपूरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी अतिबारीक सुपरकंडक्टिंग (पुरेशा थंड केल्यावर रेझिस्टन्स नाहीसा होणाऱ्या) तारांचा विषय घेतलाय आणि एका जागी अडकलेय. आमच्याकडे द्रव हीलियमची सोय नाही. द्रव नायट्रोजनमध्ये वायबीसीओ या सुपरकंडक्टिंग सिरॅमिकची चकती थंड करून फोर-प्रोबने, म्हणजे चार टोकं जोडून, रेझिस्टन्स मोजतो. 92 केल्विनच्या आसपास रेझिस्टन्स कोसळतो आणि मग मीटरवर काही उरत नाही. तार दहा-वीस नॅनोमीटरची असली तर मात्र टीसीच्या (ज्या तापमानाला सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होते त्याच्या) बऱ्याच खालीही रेझिस्टन्सची शेपटी राहते.

ती का राहते हे मला असं समजलंय: तार कोहेरन्स लांबीहून (सुपरकंडक्टिंग अवस्था ज्या किमान अंतरात बदलू शकते त्याहून) बारीक असली की ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे त्या अवस्थेचं बळ आणि फेज सांगणारी राशी, फक्त लांबीच्या दिशेने बदलू शकतो. एखाद्या छोट्या तुकड्यात तो क्षणभर शून्य होतो, तेवढ्यात फेज 2 पायने घसरते, हीच फेज स्लिप. फेज बदलली की जोसेफसनच्या नियमाने व्होल्टेज आलं. करंट वाहत असेल तर एका दिशेच्या घसरणी जास्त होतात आणि सरासरी व्होल्टेज उरतं. म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे आदळत नाहीत, तरी रेझिस्टन्स आहे! हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

लँगर आणि विनय अंबेगावकर (1967), मग मॅककंबर आणि हॅल्परिन (1970) यांच्या सिद्धांतात ही घसरण उष्णतेमुळे होते, त्यामुळे तापमान उतरलं की रेझिस्टन्स झपाट्याने संपायला हवा. जिओर्दानो यांना 1988 साली इंडियमच्या तारांत शेपटी त्याहून बरीच सावकाश उतरताना दिसली आणि त्यांनी ते क्वांटम टनेलिंग (उष्णतेच्या मदतीशिवाय ऊर्जेचा अडथळा पार होणं) मानलं. माझी अडचण इथेच आहे. तारेची जाडी कमीजास्त असेल, किंवा वायरिंगमधून नॉइज आत येत असेल, तरी आलेख असाच दिसेल ना? मग क्वांटम म्हणायचं कशाच्या जोरावर?

हिमांक
ऋतुजा, शंका अगदी बरोबर आहे. नुसती शेपटी हा पुरावा नाही. मी मूळचा नागपूरच्याच महालचा, आता बाहेरगावी लो टेम्परेचरमध्येच काम करतो. आम्ही पहिल्यांदा वायरिंगमधला नॉइज अडवणारे फिल्टर बघतो. फिल्टर बदलल्यावर शेपटी बदलली तर ती नॉइजची, पुढे बोलायचंच नाही.

मला सगळ्यात पटणारा प्रयोग अॅल्युमिनियमचा आहे. तीच एक तार आयनांच्या झोताने थोडी थोडी खरवडत न्यायची आणि दर टप्प्यावर मोजायची. जाड असताना उष्णतेचा सिद्धांत बसतो, दहा नॅनोमीटरच्या आसपास आली की बसत नाही. तार तीच असल्यामुळे दुसऱ्या नमुन्यात दोष होता, असं कुणी म्हणू शकत नाही.

बेझर्‍याडिन, लाउ आणि टिंकहॅम यांचं 2000 सालचं काम नक्की घे. कार्बन नॅनोट्यूबवर मॉलिब्डेनम-जर्मेनियमचा थर देऊन दहा नॅनोमीटरच्या आतल्या तारा केल्या होत्या. सामान्य अवस्थेतला रेझिस्टन्स 6.45 किलोओहमच्या, म्हणजे एच भागिले 4ई वर्गाच्या (एच प्लँकचा स्थिरांक, ई इलेक्ट्रॉनचा प्रभार), खाली असेल तर तार सुपरकंडक्टर, वर असेल तर इन्सुलेटर. पुढे जास्त तारा मोजल्यावर एकूण रेझिस्टन्सपेक्षा दर लांबीमागचा रेझिस्टन्स महत्त्वाचा दिसला, हेही सांग. नाहीतर प्रश्नोत्तरात कुणीतरी धरेल.

आणि 2012 चा अस्ताफिएव्ह यांचा इंडियम ऑक्साइडच्या कड्याचा प्रयोग. तिथे रेझिस्टन्स मोजतच नाहीत. फेज स्लिपमुळे कड्यातल्या चुंबकीय फ्लक्सच्या दोन अवस्था एकमेकींत मिसळतात आणि ऊर्जेतली फट मायक्रोवेव्हने दिसते. तापलेली किंवा खराब तार अशी फट दाखवणार नाही.

ऋतुजा
दादा, खूप आभार. कड्याचा प्रयोग मी वेगळा विषय समजून बाजूला ठेवला होता, आता तोच शेवटी घेते. एकच विचारायचं राहिलं: अॅल्युमिनियम बारीक केलं की टीसी थोडा वाढतो असं वाचलं. मग जाड आणि बारीक अवस्थेतल्या शेपट्या एकाच आलेखावर कशा ठेवायच्या?

हिमांक
आडव्या अक्षावर तापमान भागिले त्या टप्प्याचा टीसी घे, उभ्या अक्षावर रेझिस्टन्स भागिले सामान्य अवस्थेतला रेझिस्टन्स, आणि उभा अक्ष लॉग ठेव. प्रत्येक टप्प्याची सिद्धांतातली रेषा त्याच रंगात काढ. टीसी वाढूनही शेपटी लांबतेय, हे मग आपोआप दिसतं.